थोरलीच्या हातचा ठोंब

न्यांडो नदीच्या आमच्या काठावर आठ घरं. त्यातल्या सात घरांच्या दरडीवर जानेवारी संपायच्या आत वाळा लागला. आठवं घर आमचं. आमची चाळीस पावलं तेवढी उघडी राहिली, आणि गंमत म्हणजे सगळ्या काठाला वाळ्याचे ठोंब पुरवणारी बाई मीच. कुणाला हसायचं असेल तर हसू दे, माझं हसून झालं आहे.

माझं माहेर सेमेचं, म्हणून इथे सगळे मला सेमेवाली म्हणतात. तेहेतीस वर्षं संसार केला तरी सेमेवालीच. थोरली सवत अलेगोची, ती अलेगोवाली. नवरा आमचा एकच, ओडिंडो. त्याला आता आंब्याखालची खुर्ची सोडवत नाही. थोरली गेल्या ऑगस्टपासून किसुमूला लेकाकडे राहायला गेली, गुडघ्याच्या औषधासाठी. गुडघा तेवढ्यात बरा व्हायला हवा होता, पण शहरात नळाला पाणी असतं आणि सवत नसते.

वाळ्याची रोपवाटिका माझ्या चुलीमागे होती. दीड वर्ष मी तिला पाणी घातलं, सकाळी चार कॅन, संध्याकाळी चार, सगळं नदीतून डोक्यावर. बायकांच्या गटाने ठरवलं तेव्हा दहा जणी पाणी घालणार होत्या. महिन्याभरात सगळ्यांच्या कंबरा दुखायला लागल्या आणि माझी एकटीचीच दुखेनाशी झाली.

त्याआधी या काठाने बरंच काही पाहिलं होतं. एकदा सरकारी माणसं आली आणि तारेच्या जाळ्यांत दगड भरून गेली. वर्षभरात तारा कोंबड्यांच्या खुराड्यांना लागल्या आणि दगड लोकांच्या जोत्यात गेले. मग कुणीतरी प्लास्टिकची पोती वाळूने भरून रचली. ती उन्हाने फाटली, त्यांच्या चिंध्या दोन वर्षं माशांच्या जाळ्यांत येत होत्या. मग नदीकाठ राखायचं काम करणारी एक संस्था आली, तिच्यात कामाला असलेली पोरगी रिस्पर आली आणि म्हणाली, नदीला नदीकाठचंच द्यायचं. घायपाताच्या दोराची पोती बायकांनी विणायची, त्यात इथलीच काळी माती भरायची, दरड उतरती करून पायथ्याशी ती पायऱ्यांसारखी रचायची. सियालाच्या झाडाचे ओले खुंट पोत्यांतून आरपार ठोकायचे, ते तिथेच फुटतात आणि पोत्यांना धरून ठेवतात. आणि वर वाळ्याच्या तीन ओळी, वीतभर अंतरापेक्षाही दाट. पोतं कुजेपर्यंत मुळं माणसाच्या उंचीएवढी खोल जातात, मग पोत्याचं काम संपतं. मला हे लगेच पटलं. कुणाला तरी धरून उभं राहायचं आणि तो कुजून गेला की आपल्या पायावर उभं राहायचं, यात न समजण्यासारखं काय आहे?

मी एवढं पाणी का वाहिलं ते सांगते. माझी लेक अविनो नदीकडेला पुरलेली होती. सव्वीस वर्षांची पोर, अहेरोला शिवणकाम शिकवायची, मूत्रपिंडं गेली आणि चार महिन्यांत संपली. लग्न झालं नव्हतं. आमच्यात लग्न न झालेल्या मुलीला अंगणात जागा नसते, तिला कुंपणाबाहेर पुरतात. अंगण तिच्या भावाचं, ओबाडोचं, तिचं घर दुसरीकडे असायला हवं होतं, ते झालं नाही म्हणून ती बाहेर. मी तेव्हा भांडले होते. कुणी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. शेराच्या कुंपणाबाहेर, नदीच्या बाजूला तिला ठेवली, वर सिमेंटची लादी घातली. तेव्हा लादीपासून दरड तीस पावलं होती. गेल्या डिसेंबरात मी मोजली, नऊ.

जानेवारीत लावणीला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी म्हातारा न्यागोल काठी टेकत आला. हा आमच्या भाऊकीतला सगळ्यांत वडील माणूस. तो माझ्या दरडीपाशी येऊन थांबला.

"सेमेवाली, हे काय चाललंय?"

"वाळा लावतेय, आजोबा."

"अलेगोवाली कुठे आहे?"

"किसुमूला. गुडघा दुखतोय त्यांचा."

"मग तू कशी लावतेस? थोरलीने आधी मातीत हात घालायचा, मग तू, मग तुझ्या सुनेने. हे मी तुला शिकवायचं का या वयात?"

रिस्पर मध्ये पडली. शिकलेली असली तरी पोरगी आमच्यातलीच, तिला हे माहीत नव्हतं असं नाही. "आजोबा, तो नियम मक्याला, ज्वारीला. हे गवत आहे. कुणी खाणार आहे का हे?"

"उगवणार आहे का?"

"उगवणार तर."

"मूळ धरणार?"

"त्यासाठीच तर लावतोय."

"मग ही पेरणीच झाली," न्यागोल म्हणाला. "पोती घाला, पोतं उगवत नाही. बाकी सगळं थोरली आल्यावर."

"आणि खुंट?" मी विचारलं.

त्याने एक खुंट उचलला, नखाने साल खरवडली, आतला हिरवा रंग बघितला आणि खाली टाकला. "हा पण उगवतो."

शेजारची डोर्सिला माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, म्हाताऱ्याला दात नाहीत पण नखं आहेत."

मी नुसती पोती रचली. खुंट नाहीत, वाळा नाही. ती पोती दाराशी बसवलेल्या पाहुण्यांसारखी दिसत होती, कुणी आत बोलवत नाही आणि उठताही येत नाही.

संध्याकाळी मी थोरलीला फोन लावला.

"अक्का, कधी येताय?"

"कोण? सेमेवाली का गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. रोपं तयार आहेत. तुमच्यासाठी अडलंय सगळं."

"हो का. फळ्यावर नाव आलंय म्हणे तुझं."

मला आधी कळेना. मग कळलं. संस्थेने रस्त्याच्या वळणावर एक फळा उभा केला होता, त्यावर आठ घरांची आठ नावं होती आणि ओडिंडोच्या घराचं म्हणून माझं नाव होतं.

"ते रिस्परने लिहिलं, अक्का. मी नाही सांगितलं."

"असू दे गं. तूच तर राबतेस. मी काय, लंगडी बाई. गुडघा जरा उतरला की येते. शनिवारी बघते."

शनिवारी मी कोंबडी धरून पाटीखाली झाकून ठेवली. थोरली आली नाही, संध्याकाळी कोंबडी सोडली. पुढच्या शनिवारी पुन्हा धरली, पुन्हा सोडली. असे पाच शनिवार गेले. शेवटी शेवटी ती कोंबडी आपणहून पाटीशी येऊन उभी राहायची.

मी ओडिंडोला म्हटलं, "ओबाडोचे बाबा, तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"मी बोललो तर म्हणेल, धाकटीची बाजू घेतो."

"मग घ्या ना एकदा माझी बाजू. तेहेतीस वर्षांत एकदा."

त्याने डोळे मिटले आणि चहा मागितला. मी दिला. भांडायला जो जोर लागतो तो कॅन वाहण्यात जात होता.

फेब्रुवारी संपता संपता मी पुन्हा फोन केला. तोवर बाकी सातांच्या दरडीवर वाळा गुडघाभर झाला होता. डोर्सिलाचा तर फारच दाट, ती रोज सकाळी त्यावरून हात फिरवून मला ऐकू जाईल अशी त्याच्याशी बोलायची.

"अक्का, येता येत नसेल तर फोनवरच सांगा. नुसतं म्हणा, लाव. मी न्यागोल आजोबांना सांगते की तुमची परवानगी आहे."

"फोनवर पेरणी होते का गं? उद्या म्हणशील फोनवर बाळंतपण कर."

"अक्का, अविनोला आता सहा पावलं राहिलीत."

पलीकडे नातवाचा टीव्ही तेवढा ऐकू येत होता. मग थोरली म्हणाली, "येते म्हटलं ना. पोर माझीही होती." आणि फोन ठेवला.

हे खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. अविनोला पहिलं फडकं थोरलीने शिवलं होतं. माझं दूध आटलं तेव्हा तिने गाईचं पाजलं होतं. तिला माहीत होतं मी कशासाठी रडतेय, आणि तरी ती फळ्यावरचं नाव घेऊन बसली होती.

मग तू आधीच का लावून टाकलं नाहीस, असं रिस्पर मला कितीदा तरी म्हणाली. तिला मुलंबाळं नाहीत. माझा ओबाडो त्याच अंगणात राहतो, त्याची दोन लेकरं तिथेच लोळतात. क्रम मोडला तर बाधा होते आणि ती मोडणाऱ्याला होत नाही, त्याच्या पोराबाळांना होते. मी रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते, पाद्रीबाबांना विचारलंत तर ते म्हणतील असलं काही नसतं. पाद्रीबाबांनीही आपल्या थोरल्या भावाआधी घर बांधलेलं नाही, मी बघितलंय.

अकरा मार्चला दुपारी दरडीचा हातभर तुकडा नुसता बसला. पाणी नाही, पाऊस नाही, उन्हाने भेगाळून बसला. लादीपासून चार पावलं. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या मनात आलं, जिवंत लेकरांना काही होईल की नाही ते माहीत नाही, पण ही जाणार हे मला दिसतंय. मी चुलीमागे गेले आणि ठोंब उपसायला लागले.

तीन दिवस लागले. मुळं शेणकाल्यात बुडवायची, पाती वीतभर ठेवून छाटायची, एकेक ठोंब टोकून लावायचा आणि पायाने माती दाबायची. दुसऱ्या दिवशी डोर्सिला न बोलावता आली आणि खुंट ठोकायला लागली.

"तुला कुणी बघितलं तर?" मी म्हटलं.

"बघू दे. मी ठोकतेय, पेरत नाही."

ओबाडोची बायको दारातून बघत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही पोरांना अंघोळ घातली, पिशवी भरली आणि आईची तब्येत बरी नाही म्हणून माहेरी गेली. तिच्या आईला मी आदल्याच दिवशी अहेरोच्या बाजारात ठणठणीत बघितली होती.

वाळ्याला दोन महिने हवे होते. तेरा दिवस मिळाले.

आमच्याकडे थेंब पडला नव्हता, वर नांदीच्या डोंगरात पडला. सकाळी दहाच्या सुमाराला न्यांडो चहाच्या रंगाची झाली आणि बघता बघता दोन पुरुष वर आली. मी काठावर होते. डोर्सिलाच्या दरडीवरून पाणी गेलं तेव्हा वाळा आडवा झाला आणि मातीला चिकटून राहिला. जसा रिस्पर सांगायची तसाच. सातही घरांचं धरलं. आमच्याकडे पाण्याने आधी खुंट हलवले, मग पोती एकेक करून सुटली. माझे ठोंब तर मातीसकट गेले, त्यांची मुळं अजून बोटभरच होती. मग लादी कलली. लादीखालून शवपेटीची एक कड दिसली, अविनोच्या वर्गातल्या मुलींनी पांढरा रंग दिला होता तिला, तो अजून पांढराच होता. मी पुढे झाले तशी डोर्सिलाने मला मागून कंबरेला धरलं आणि खाली पाडलं. मी उठेपर्यंत तिथे पाणी होतं.

आम्ही पाच दिवस शोधलं, पार नदी सरोवराला मिळते तिथपर्यंत. लादी सापडली.

सहाव्या दिवशी भाऊकी आंब्याखाली जमली. मला वाटलं सांत्वनाला आलेत. न्यागोलने घसा साफ केला.

"सेमेवाली, तू थोरलीआधी लावलंस?"

"लावलं."

"आणि तेरा दिवसांत नदीने तुझ्याच घरातलं नेलं. सात घरांना हात लावला नाही. मला काही सांगायला नको."

"सात घरांचा वाळा जानेवारीत लागला होता, आजोबा. माझा मार्चमध्ये."

"का बरं मार्चमध्ये?" कुणीतरी मागून म्हणालं. जो दोष द्यायला बसलाय त्याच्याच तोंडून कारण निघालं तरी त्याला ते ऐकू येत नाही.

ठरलं ते असं की बकरं द्यायचं, झाडपाल्याचं पाणी करून घरादारावर शिंपडायचं, आणि ते होईपर्यंत सुनेने आणि नातवंडांनी या अंगणात पाय ठेवायचा नाही. आणि गटात माझ्या हातची रोपं कुणी घ्यायची नाहीत. ओबाडो खाली मान घालून बसला होता. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, ते मला बकऱ्यापेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात मोटरसायकल येऊन थांबली आणि तिच्यावरून थोरली उतरली. काळं फडकं बांधलं होतं डोक्याला. चालकाने हात धरून तिला आंब्यापर्यंत आणलं. ती सरळ माझ्यापाशी आली, माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडली. मला रडू आलं नाही. तिचं झाल्यावर तिने फडक्याच्या टोकाने नाक पुसलं आणि विचारलं, काय चाललंय. न्यागोलने सांगितलं.

"क्रम कुणी मोडला?" थोरली म्हणाली.

"हिने."

"कोण म्हणतं? मी हिला फोनवर सांगितलं होतं, लाव म्हणून. आणि सांगायच्या आधी किसुमूला लेकाच्या दारात डब्यात माती भरून एक वाळा मी माझ्या हाताने लावला होता. हवं तर जाऊन बघा. आधी मी लावला, मग हिने. क्रम कुठे मोडला?"

न्यागोलने विचार केला. "माती किसुमूची."

"हात कुणाचा होता? थोरली मी आहे की किसुमूची माती?"

कुणीतरी हसलं. न्यागोलही थोडा हसला, त्यालाही बकऱ्याचं मटण चावणार नव्हतंच. "तसं असेल तर चालतं," तो म्हणाला. "थोरलीचा हात आधी मातीला लागला, म्हणजे झालं."

इतकं सोपं. माणसं उठली, पाठीवर हात ठेवून गेली, ओबाडो बायकोला फोन करायला बाजूला गेला. थोरली माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आता तुझ्या नावाला बोल नाही. मी आहे ना."

"डबा आहे का खरंच?" मी विचारलं.

"कुठला डबा? इथून वाळा नेलाय कुणी तिकडे?"

"मग हे आधी का नाही सुचलं, अक्का? जानेवारीत मागितलं तेव्हा? फेब्रुवारीत?"

ती गुडघा चोळत बसली.

"तेव्हा मला राग होता गं," ती म्हणाली. "तू राबलीस, नाव तुझं झालं, मला कुणी विचारलंही नाही. वाटलं, करू दे हिला दोनदा तीनदा विनवणी."

"मी सात वेळा फोन केला."

"राग सातव्याच्या आधीच गेला होता. मग लाज वाटायला लागली. आता कशी जाऊ, काय तोंड दाखवू." ती पुन्हा रडायला लागली. "मला वाटलं नदी एवढ्यात येत नाही."

मला वाटलं होतं मी तिला काहीतरी बोलेन. तिचा गळा धरावा असंही वाटलं, खोटं का सांगू. पण तिने थोड्या वेळापूर्वी माझी सून आणि नातवंडं मला परत दिली होती, आणि अविनोला पहिलं फडकं तिनेच शिवलं होतं. या सगळ्याची वजाबाकी कशी करायची ते मला येत नाही. मी फार दमले होते.

चुलीमागे शे-दीडशे ठोंब उरले होते. ओडिंडो खुर्चीतून म्हणाला, "थोरली आलीच आहे तर लावून घ्या. वर अजून ढग आहेत."

आता कुंपणाच्या आत लावायचं होतं. बाहेर काही राहिलंच नव्हतं.

मी खड्डा केला, ठोंब शेणकाल्यातून काढला आणि थोरलीच्या हातात दिला. तिला वाकता येईना, मी तिची बगल धरली. तिने ठोंब उभा केला, माती ओढली, तळव्याने दोनदा दाबली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

मी तिला उठवलं आणि पुढचा खड्डा खणायला घेतला.